आधी बर्फ, मग ऑपरेशनचं बघू

‘डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोन-अडीच वर्षांपासून दोन्ही डोळ्यांच्या पापण्या उतरल्यात, उजवी जास्त. त्याच उजव्या डोळ्याचं तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सकाळी तेवढं जाणवत नाही, संध्याकाळी मात्र पोथी वाचताना बोटाने पापणी उचलून धरावी लागते, कपाळ ठणकतं. मुलगी पुण्याला एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे दहा मिनिटांत “दोन्ही डोळ्यांचं करून टाकू, दहा वर्षांनी तरुण दिसाल” असं सांगून ९५ हजारांच्या पॅकेजचा कागद हातात दिला. मुलगी म्हणते, कर आई, भाच्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये तू प्रत्येक फोटोत झोपलेली दिसतेस. हे म्हणतात, या वयात कसले नखरे. विम्याचा एजंट म्हणतो, ही सौंदर्याची शस्त्रक्रिया, एक रुपया मिळणार नाही. चार वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. खरंच गरज आहे का, एवढंच सांगा. – एक निवृत्त शिक्षिका, बार्शी’

नमस्कार बाई,

पत्राखाली नाव नाही, नुसतं ‘निवृत्त शिक्षिका’ आहे, म्हणून बाईच म्हणतो. आमच्या पिढीला दुसरं काही सुचतही नाही.

तुमच्या पत्रात मुलीचं मत आहे, यजमानांचं आहे, एजंटाचं आहे, पॅकेजचा आकडाही आहे. पापणी कशामुळे उतरली, ते मात्र कुठेच नाही. तुम्ही लिहायला विसरलात असं मला वाटत नाही. आयुष्यभर वह्या तपासलेल्या बाई एवढी गोष्ट गाळायच्या नाहीत. तुम्हाला ते कोणी सांगितलंच नसावं. आणि ते कळल्याशिवाय ऑपरेशन करायचं की नाही, या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही. तेव्हा तुमच्या ‘एवढंच’चं उत्तर जरा लांबणार आहे.

वरची पापणी उचलणारा एक मुख्य स्नायू असतो. डोळ्याच्या खोबणीत पार मागून निघून तो बुबुळाच्या वरून पुढे येतो. पुढे आल्यावर त्याची पातळ, पांढरट, चिवट पट्टी होते आणि ती पापणीला जाऊन चिकटते. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर चिकाचे पडदे असायचे, आठवतात? दोरी ओढली की वर, सोडली की खाली. तशीच ही दोरी. वयाने ती सैल पडते, कधी पापणीवरची तिची पकड सुटते. ओढणारा हात शाबूत असतो, जोरही तेवढाच लावतो, पण पडदा अर्ध्यावरच राहतो. मोठ्या माणसांत पापणी उतरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. डोळे चोळायची सवय असलेल्यांना आणि वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना ते लवकर गाठतं.

कधी कधी दोरी ठीक असते, पण पापणीवरची कातडीच वाढलेली असते. उशीला मोठा अभ्रा घातला की कडेला कसा लोंबतो, तशी ती घडी पापणीच्या कडेवरून खाली येते. कधी भुवईच खाली घसरलेली असते. म्हणजे छप्परच खचलं, खिडकीचा दोष नाही. आरशात तिन्ही सारखीच दिसतात आणि लोक तिन्हींना ‘पापणी पडली’ म्हणतात, पण इलाज तीन वेगळे. सैल दोरी असताना नुसती कातडी कापली तर पापणी जागची हलत नाही. भुवई उतरलेली असताना पापणीची कातडी भरपूर कापली, तर भुवई आणखी खाली ओढली जाते. अशी माणसं मी बघितली आहेत. पैसे गेले, टाके पडले आणि चेहऱ्यावर कायमचा वैताग आला.

हे घरी थोडंफार कळतं. दिवसाउजेडी खिडकीजवळ आरसा धरा, हनुवटी वर न करता समोर बघा. आता दुसऱ्या हाताने भुवईखालची कातडी अलगद वर उचला, पापणीची कड न ओढता. पापण्यांचे केस जिथून उगवतात ती कड लगेच मोकळी, जागच्या जागी दिसली, तर दोष बराचसा कातडीचा. कातडी उचलूनही ती कड काळ्या बुबुळावर तशीच खाली बसलेली असेल, तर दोरीचा.

दवाखान्यात याला मोजमाप असतं, आणि ते करायला फार वेळही लागत नाही. डॉक्टर समोर छोटी बॅटरी धरतात, बाहुलीच्या मध्यावर उजेडाचा ठिपका चमकतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ४ ते ५ मिमी असावं लागतं. ते २ मिमी किंवा त्याहून कमी झालं, की पापणी नजरेच्या आड येते असं धरायला आधार मिळतो. मग ते अंगठ्याने तुमची भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळाला मदतीला येता येत नाही. आधी खाली बघायला सांगतात, मग वर, आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीने मोजतात. १२ मिमी किंवा जास्त सरकली तर स्नायू ठणठणीत आहे, दोरी तेवढी आवळायची. जेमतेम ३-४ मिमी सरकली तर स्नायूच दुबळा आहे. मग पापणी कपाळाच्या स्नायूला टांगायचं ऑपरेशन लागतं, ते या पॅकेजमधलं नव्हे. तुमच्या त्या कागदावर रुपयांचा आकडा आहे, मिलिमीटरचा एक तरी आहे का?

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला थांबवलं, त्याकडे येतो. ‘सकाळी तेवढं जाणवत नाही, संध्याकाळी मात्र...’

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ आले होते. डावी पापणी निम्म्यावर. दुसरीकडे ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती, माझ्याकडे आले ते फक्त ‘करू ना?’ एवढं विचारायला. बोलता बोलता म्हणाले, सकाळच्या पहिल्या फेरीला डोळा चांगला असतो, दुपारनंतर तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दोन-दोन दिसतात. मी बर्फ मागवला. सिस्टरने रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून गाठ मारली आणि मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. पाणी ओघळून त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात चाललं होतं, आत नोटा होत्या, आणि माणूस बिचारा डोळ्यापेक्षा खिसा सांभाळत होता. मोजा काढला आणि डोळा उघडला. पापणी वर! दोन मिमीहून जास्त. आरसा हातात दिला तर ते स्वतःकडे बघतच राहिले. चार-पाच मिनिटांत पापणी हळूहळू पुन्हा खाली आली.

या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मेंदूकडून मज्जातंतूमार्फत निघालेला हुकूम स्नायूला जिथे पोचतो, तिथल्या जागाच शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती अडवून बसते. त्यामुळे स्नायू सुरुवातीला काम करतो, पण वापरला की लवकर दमतो. थंडीत ती देवाणघेवाण तात्पुरती सुधारते, म्हणून बर्फ. बऱ्याच जणांत हा आजार आधी डोळ्यांतच दिसतो, आणि त्यांतल्या अनेकांत पहिल्या दोन वर्षांत घास गिळण्यापर्यंत, बोलण्यापर्यंत, क्वचित श्वासापर्यंत पसरतो. त्यावर गोळ्या आहेत, चांगल्या आहेत. चाकू हा त्यावरचा पहिला इलाज नाही. रोज वेगळ्या उंचीला असणारी पापणी एका उंचीला टाके घालून शिवायची, तर ती कोणत्या उंचीला शिवणार?

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. संध्याकाळी जास्त जाणवणं साध्या सैल दोरीतही होतं. दिवसभर कपाळाचा स्नायू भुवया वर ताणून पापणीला हात देत असतो, दिवे लागेपर्यंत तोही थकतो. कपाळ ठणकतं ते त्याचंच. शिवाय सैल दोरीची पापणी खाली बघताना आणखी उतरते, त्यामुळे वाचताना त्रास जास्त, टीव्ही बघताना कमी. पोथी वाचताना बोट लावावं लागतं, हे तुमचं वर्णन त्यात चपखल बसतं. मला विचाराल तर तुमचं पारडं याच बाजूला झुकलेलं आहे. पण झुकलेलं पारडं म्हणजे निदान नव्हे.

म्हणून स्वतःला काही प्रश्न विचारा. कधी एकाचे दोन दिसतात का? आज उजवी जास्त, उद्या डावी जास्त, असं होतं का? भाकरी चावताना अर्ध्यातच जबडा दमतो का? पाणी पिताना ठसका लागतो का, की बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो? केस विंचरताना हात भरून येतात का? आणि छताकडे एकटक एक मिनिट बघत राहिलात तर पापणी हळूहळू खाली येते का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आधी मेंदूविकार तज्ज्ञ, पापणी मग. रक्ताची तपासणी असते, पण आजार फक्त डोळ्यांपुरता असताना ती जवळपास निम्म्या रुग्णांत निर्दोष येते. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून विषय मिटत नाही. बर्फ घरीही लावून बघता येईल, रुमालात गुंडाळून, डोळा मिटून, दोन मिनिटं. फरक पडला तर डॉक्टरांना सांगा. नाही पडला तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

इतर वाचकांसाठी मध्येच एक सांगून टाकतो, बाईंना ते लागू नाही, कारण त्यांचं दोन-अडीच वर्षांचं आहे. पापणी तासा-दोन तासांत किंवा दोन-चार दिवसांत पडली, सोबत जोराचं डोकं दुखतंय, दोन-दोन दिसतंय, किंवा त्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली आहे, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा मज्जातंतूवर दाबत असू शकतो. पापणी थोडीशीच उतरली पण बाहुली बारीक झाली आणि मान दुखते आहे, तर मानेतल्या रक्तवाहिनीचा अस्तर फाटलेला असू शकतो. दोन्हींत डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि नातवंडाची एक पापणी जन्मापासून खाली असेल, मूल हनुवटी वर करून बघत असेल, तर ‘मोठेपणी होईल नीट’ म्हणू नका. पापणीने बाहुली झाकली तर त्या वयात मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही, आणि हे नुकसान मागाहून भरून निघणं अवघड. मुलांच्या बाबतीत वेळ हातची जाते. मोठ्यांच्या बाबतीत तसं नाही.

हे शेवटचं वाक्य, बाई, तुमच्यासाठीच होतं. सैल दोरीची पापणी सहा महिने तशीच राहिली म्हणून डोळा बिघडत नाही, नंबर वाढत नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याला काही होत नाही. ‘या महिन्यात केलंत तर सवलत’ असं कोणी म्हणालं, तर ती घाई तुमच्या डोळ्याची नाही.

मोतीबिंदूचं तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. त्या ऑपरेशनच्या वेळी पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चिमटा लावतात. त्या ताणाने आधीच सैल होत आलेली दोरी काही जणांत आणखी सैल पडते. त्यात कोणाची चूक झाली असं लगेच समजू नका, व्यवस्थित झालेल्या ऑपरेशननंतरही हे होतं. सूज किंवा भुलीच्या इंजेक्शनामुळे उतरलेली पापणी काही महिन्यांत आपोआप सावरते, म्हणून आम्ही सहा महिने थांबायला सांगतो. तुमची तेवढी वाट बघून झाली आहे. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आला असेल, तर शक्यतो आधी तो काढा, पापणी नंतर. नाहीतर आवळलेली दोरी पुन्हा त्याच चिमट्याखाली यायची.

आता ‘गरज’ या शब्दाकडे. पापणीने तुमचं नेमकं काय अडतंय, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? स्टँडवर गाडीची पाटी वाचताना मान मागे टाकावी लागते का? फळीवरचा डबा काढताना डबा दिसायच्या आधी हाताला लागतो का? स्कूटी चालवत असाल तर वरचा सिग्नल चुकतो का? डॉक्टरांकडे याची तपासणी आहे. यंत्रात डोकं ठेवून लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं. एकदा पापणी आहे तशी ठेवून करतात, एकदा चिकटपट्टीने वर बांधून. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की पापणीने वरची किती नजर खाल्ली आहे, ते कोणालाही दिसतं. त्या पुण्याच्या दवाखान्यात ही तपासणी झालेली दिसत नाही.

घरगुती प्रयोग त्याहून सोपा. औषधाच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते, जखमेच्या पट्टीवर लावतात ती. संध्याकाळी पोथी वाचायला बसताना तिचा तुकडा उजव्या पापणीच्या कातडीवर लावून वरच्या बाजूला भुवईवर चिकटवा आणि अर्धा तास वाचा. त्याहून जास्त नको, डोळा नीट मिटत नाही आणि कोरडा पडतो. वाचन सुखाचं झालं, कपाळ हलकं राहिलं, तर ऑपरेशनने तुम्हाला साधारण काय मिळेल याची चव तुम्ही पन्नासेक रुपयांत घेतलीत. काहीच फरक पडला नाही, तर ९५ हजारांनीही पडणार नाही. कपाळ मग चष्म्याच्या नंबरामुळे दुखत असेल किंवा दुसऱ्या कशाने, ते शोधायचं.

यजमानांचे ‘नखरे’ आणि मुलीचा अल्बम, दोघांचं म्हणणं मला थोडं थोडं पटतं आणि थोडं नाही. पोथी वाचता यावी म्हणून पापणी उचलून घेणं हा नखरा असेल, तर चष्मा लावणं हाही नखराच. पण समजा तपासणीत नजर फारशी अडत नाही असं निघालं, आणि तरी तुम्हाला वाटलं की फोटोत आपण झोपेत असल्यासारखं दिसू नये, तर तेही कारण आहे. त्यात लाजायचं काय? फक्त मग त्याला त्याच नावाने हाक मारायची. पैसे आपले, धोका आपला, अपेक्षा मापात. दिसण्यासाठीचं ऑपरेशन ‘दृष्टी सुधारेल’ म्हणून गळ्यात मारणं आणि नजर अडवणारी पापणी ‘म्हातारपणाची हौस’ म्हणून उडवून लावणं, दोन्हींची मला सारखीच चीड आहे. ‘दहा वर्षांनी तरुण दिसाल’ असं डोळ्यांच्या दवाखान्यात म्हणालं गेलं, तेव्हा मुलीला विचारायला हवं होतं, आपण नक्की कोणत्या खात्यात आलो आहोत?

विम्याचं थोडक्यात. विमा नियामक प्राधिकरणाने सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना काही वगळण्या एकसारख्या शब्दांत ठरवून दिल्या आहेत. तुमच्या पॉलिसीत ‘एक्सक्ल ०८’ (Excl08) हा कोड शोधा. दिसणं बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. पण पुढे अपवादही असतात: अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती, आणि आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक, तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं काम. ‘थेट धोका’ हे शब्द कडक आहेत, कंपनी त्यांवर अडून बसू शकते. पण ‘एक रुपया मिळणार नाही’ हे सांगणं एजंटाचं काम नव्हे, आणि ‘विम्यात बसवून देतो’ हे दवाखान्याचं. मिलिमीटरची नोंद, चिकटपट्टीसह आणि चिकटपट्टीविना काढलेले नजरेचे दोन आलेख, समोरून काढलेले फोटो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आधी मंजुरी मागा. उत्तर लेखी घ्या.

ऑपरेशनच करायचं ठरलं, तर काय होतं तेही माहीत असू द्या. पापणीच्या नैसर्गिक घडीत चीर घेऊन सैल पट्टी शोधतात आणि आवळून पुन्हा शिवतात. शक्यतो तेवढीच जागा बधिर करून, तुम्हाला जागं ठेवून, कारण मध्येच तुम्हाला डोळे उघडायला, कधी उठून बसायला सांगून उंची जुळवायची असते. टाके आठवड्याभरात निघतात, काळं-निळं दोनेक आठवड्यांत ओसरतं, पापणी आपल्या कायमच्या जागी बसायला दीड-दोन महिने जातात. थोडी कमी उचलली, थोडी जास्त उचलली, दोन डोळ्यांत फरक राहिला, हे चांगल्या हातांनाही चुकत नाही आणि काहींना पुन्हा टेबलावर यावं लागतं. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाणं फार दुर्मिळ, पण ते होऊ शकतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या तुमच्या त्या गोळीचा प्रश्न साधा नाही. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. पापणीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पापणी थांबू शकते, अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीला, स्टेंटला, थांबा म्हणता येत नाही.

‘दोन्हींचं करून टाकू’ यात तथ्य असू शकतं, तेही सांगतो. दोन्ही पापण्यांना मेंदू एकच हुकूम पाठवतो. उजवी फार उतरली म्हणून तो जोर लावत असतो आणि त्या जोरावर डावीही उंच टिकलेली असते. उजवी दुरुस्त झाली की जोर कमी होतो आणि डावी खाली येते. घरचे म्हणतात, डॉक्टरांनी चांगला डोळा बिघडवला. हे आधी बघता येतं. उजवी पापणी बोटाने उचलून धरायची आणि डावी उतरते का ते आरशात बघायचं. उतरली तर दोन्हींचा विचार करायला कारण आहे. नाही उतरली, तर दोन्ही का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझ्या अनुभवात ऑपरेशननंतर लोक सगळ्यात जास्त कुरकुरतात ते कोरडेपणावरून, आणि त्याबद्दल आधी सगळ्यात कमी बोललं जातं. पापणी वर गेली की डोळा जास्त उघडा राहतो आणि अश्रू लवकर सुकतात. तुमच्या वयाच्या बायकांत अश्रू आधीच कमी झालेले असतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती भिजते ते बघतात. ५ मिमीसुद्धा भिजली नाही, तर मी हात आखडता घेतो. आणि एक काम यजमानांना सांगा. तुम्ही गाढ झोपलात की त्यांनी बॅटरी बाजूला वळवून, थेट डोळ्यावर न मारता, तुमचे डोळे पूर्ण मिटतात का ते बघायचं. फटीतून पांढरं दिसत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. आत्ताच डोळा पुरता मिटत नसेल, तर पापणी उचलल्यावर आणखी कमी मिटेल. नखरे म्हणणाऱ्या माणसाला रात्री जागं राहून एवढं तरी करू दे.

ऑपरेशन नकोच असेल तर चष्म्याच्या फ्रेमला आतून बारीक तारेचा आधार लावून घेता येतो, पापणी त्यावर टेकते. दिसायला गमतीशीर, पण वाचण्यापुरता चष्मा वेगळा ठेवला तर कामाचा. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्के थेंबांना मान्यता मिळाली. पापणीतल्या दुसऱ्या छोट्या स्नायूला आखडून ते काही तासांपुरती साधारण एक मिलिमीटर उचल देतात. हेच औषध सर्दीच्या काही थेंबांत असतं, हे वाचून कोणी नाकाचे थेंब डोळ्यात घालू नयेत. (लिहिलं नाही तर कोणीतरी घालतं.) पापणीचे व्यायाम, लेप, एरंडेल यांनी सैल पट्टी आवळत नाही. मोबाइलवर त्याचे कितीही व्हिडिओ दिसोत.

मी तुमच्या जागी असतो तर सोलापूरला किंवा पुण्याला पापण्यांचंच काम करणारा नेत्रतज्ज्ञ गाठला असता, ऑक्युलोप्लास्टी म्हणतात त्याला. जायच्या आधी चार दिवस मुलीकडून रोज दोन फोटो काढून घ्या, सकाळी सात आणि रात्री नऊ. चष्मा काढून, मोबाइल डोळ्यांच्या रेषेत धरून, भुवया न ताणता. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो जोडा, शाळेच्या स्नेहसंमेलनातला चालेल. पापणी कधीपासून उतरू लागली ते तुमच्या आठवणीपेक्षा तो खरं सांगेल. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. पॅकेजचा कागद मात्र घरीच असू द्या. नव्या डॉक्टरांना आधी डोळा बघू दे.